नोटीस कंपनीला, हक्क नागरिकाचा

नागरिकावर लक्ष ठेवण्यासाठी किंवा त्याचे बोलणे थांबवण्यासाठी राज्यसंस्थेला आता त्याच्या दारापर्यंत जावे लागत नाही. त्याचा पत्रव्यवहार, त्याची छायाचित्रे, त्याची मते आणि त्याचा ठावठिकाणा ही सारी सामग्री मोजक्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या यंत्रणांतून वाहत असते, आणि पूर्वी ज्या कामाला शेकडो पोलीस लागत असत ते काम आज एखाद्या कंपनीला बजावलेल्या एका आदेशाने होऊ शकते. म्हणूनच सरकारे आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्यातील ताणाताणी हा दोन बलाढ्य पक्षांमधला व्यापारी किंवा प्रशासकीय वाद राहत नाही. ज्याच्या हक्कांवर त्या वादाचा निकाल कोरला जातो तो तिसरा पक्ष, म्हणजे सामान्य वापरकर्ता, बहुतेक वेळा त्या खोलीत हजरच नसतो.

राज्यसंस्थेला कंपन्यांना भाग पाडण्याचा अधिकार मुळीच असू नये, अशी भूमिका घेता येत नाही. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे, दहशतवादी कट, आर्थिक फसवणूक आणि जमावाला चिथावणाऱ्या अफवा या साऱ्यांसाठी हीच साधने वापरली जातात, आणि लोकनियुक्त सरकारने याकडे पाठ फिरवली तर ते आपल्या कर्तव्यालाच चुकेल. मात्र दडपणाच्या दोन प्रकारांमधला भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. कंपनीच्या ताब्यात जे आधीच आहे ते विशिष्ट गुन्ह्याच्या तपासासाठी मागणे ही एक गोष्ट झाली, आणि मागता यावे म्हणून साधनाची घडणच सर्व वापरकर्त्यांसाठी बदलायला लावणे ही दुसरी. त्याखेरीज, आदेश लेखी, सकारण आणि आव्हान देता येण्याजोगा आहे की गोपनीयतेच्या पडद्याआड दिलेला आहे, यावरही त्याची वैधता ठरते. भारतातील गेल्या दोन दशकांचा अनुभव या दोन्ही कसोट्यांवर तपासला, तर दोष केवळ एखाद्या सरकारच्या हेतूत नसून कायद्याच्या रचनेत आहे, हे स्पष्ट होते.

तारयंत्राचा वारसा

या रचनेचे मूळ वसाहतकाळात आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५ ने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही तो अधिकार जवळपास तसाच चालू राहिला. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या प्रकारांविरुद्ध ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने याचिका केली, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ऐकणे हा खासगीपणावरील आघात आहे असे मानून काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा, त्याची मुदत दोन महिन्यांची व फार तर सहा महिन्यांची असावी, आणि एका समितीने त्याचे पुनर्विलोकन करावे, असे ठरले. ही तत्त्वे मोलाची होती. परंतु आदेश देणारा सचिव आणि तो तपासणारी सचिवांचीच समिती, असे दोन्ही टप्पे कार्यपालिकेच्या हातात राहिले आणि आदेशापूर्वी न्यायाधीशाची संमती घेण्याची अट आपल्याकडे कधीच आली नाही. तार अधिनियमाची जागा आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली आहे, पण ही मूळ मांडणी बदललेली नाही.

इंटरनेटसाठी २००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम आला. त्यात ‘मध्यस्थ’ ही संज्ञा कळीची आहे. जो स्वतः मजकूर लिहीत नाही, पण दुसऱ्याचा मजकूर साठवतो, पोहोचवतो किंवा दाखवतो तो मध्यस्थ. मोबाइल कंपन्या, शोधयंत्रे, समाजमाध्यमे आणि संदेशसेवा हे सारे या व्याख्येत येतात. डिसेंबर २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर कोणा वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवली म्हणून त्या कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अटक झाली, आणि दुसऱ्याच्या मजकुरासाठी मध्यस्थाला कितपत जबाबदार धरावे हा प्रश्न देशापुढे आला.

त्याचे उत्तर २००८ च्या दुरुस्तीने दिले. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर महिन्याभराच्या आत, संसदेत फारशी चर्चा न होता संमत झालेल्या या दुरुस्तीतील तीन कलमांभोवती नंतरचे बहुतेक वाद फिरत राहिले आहेत. कलम ६९ सरकारला संगणकीय माहिती अडवण्याचा, तिच्यावर देखरेख ठेवण्याचा आणि कूटबद्ध मजकूर उलगडून मागण्याचा अधिकार देते. कलम ६९-अ मजकूर ब्लॉक करण्याचा, म्हणजे लोकांपर्यंत पोहोचू न देण्याचा, अधिकार देते. कलम ७९ मध्यस्थाला दुसऱ्याच्या मजकुराच्या दायित्वापासून संरक्षण देते, पण बेकायदा मजकुराची जाणीव करून दिल्यावरही त्याने तो हटवला नाही, तर ते संरक्षण काढून घेते. पहिल्या दोन कलमांखालील आदेश न मानणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ज्या कायद्यात आज्ञा पाळल्याने कंपनीचे काहीच बिघडत नाही आणि न पाळल्यास तिच्या अधिकाऱ्याला तुरुंग दिसतो, तो कायदा कंपनीला वापरकर्त्याच्या बाजूने उभे न राहण्याचीच सवय लावतो.

ब्लॅकबेरीची तडजोड

या अधिकारांची पहिली मोठी परीक्षा ब्लॅकबेरी फोनच्या निमित्ताने झाली. कॅनडातील ‘रिसर्च इन मोशन’ या कंपनीच्या या फोनवरून जाणारे संदेश एन्क्रिप्शनने, म्हणजे गणिती पद्धतीने कूटबद्ध करून, पाठवले जात आणि ते देशाबाहेरच्या सर्व्हरवरून फिरत असल्यामुळे भारतीय सुरक्षा यंत्रणांना वाचता येत नसत. मुंबईच्या हल्ल्यात दहशतवादी आपल्या सूत्रधारांशी इंटरनेट दूरध्वनीवरून बोलत होते, ही गोष्ट ताजी होती आणि सरकारची चिंता निराधार म्हणता येत नव्हती. ऑगस्ट २०१० मध्ये सरकारने महिनाअखेरची मुदत देऊन, तोवर तोडगा न निघाल्यास सेवा बंद करण्याचा इशारा दिला. त्याच सुमारास संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियाही तशाच मागण्या करीत होत्या. कंपन्यांना पुरवलेल्या सेवेची किल्ली आपल्याकडे नसून ती ग्राहक संस्थेकडेच असते, असे ब्लॅकबेरीचे म्हणणे होते. मुदत वाढत गेली, मुंबईत सर्व्हरची व्यवस्था झाली आणि २०१३ पर्यंत सामान्य ग्राहकांच्या संदेशसेवेपुरती भारतीय दूरसंचार कंपन्यांमार्फत कायदेशीर पोहोच देण्याची सोय उभी राहिली, तर मोठ्या संस्थांची सेवा त्यातून वगळली गेली.

या तडजोडीतला भेद महत्त्वाचा आहे. स्वतःची किल्ली बाळगणाऱ्या बड्या संस्थांचे संदेश सुरक्षित राहिले, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या किंवा छोट्या व्यावसायिकाच्या संदेशांचे दार उघडे झाले. हे सारे मुदती, इशारे आणि बंद दाराआडच्या वाटाघाटी यांतून घडले. ज्यांच्या संदेशांचा प्रश्न होता त्यांना काय बदलले हे सांगणारा कोणताही आदेश त्यांच्या हाती पडला नाही, त्यामुळे त्याला आव्हान देण्याचा प्रश्नही उद्भवला नाही.

राईनपाडा आणि ‘पहिला प्रेषक’

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार केले. मृतांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजाप्रमाणे भिक्षा मागत फिरत होते. त्या महिन्यांत देशाच्या अनेक राज्यांत अशाच अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या आणि माणसे मारली जात होती. माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने दोनच दिवसांत व्हॉट्सॲपला कडक पत्र लिहिले. तंत्रज्ञान कंपन्यांवर सरकारने दडपण आणूच नये असे म्हणणाऱ्याने या पाच मृत्यूंकडे पाहायला हवे. राईनपाड्यानंतर सरकार गप्प बसले असते तर तो भटक्या-विमुक्तांच्या जगण्याच्या हक्काचाच अवमान ठरला असता.

त्या दडपणाने काही चांगलेही घडले. पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दिसू लागली. भारतात एक संदेश एका वेळी पाचच संभाषणांना पाठवता येईल अशी मर्यादा आली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच संभाषणाला पाठवता येईल असा निर्बंध आला, आणि त्यामुळे अशा संदेशांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. या उपायांनी कोणाचाही संदेश कोणाला वाचावा लागला नाही. साधनाचा वेग कमी करण्यासाठी त्याची गोपनीयता मोडावी लागत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

सरकारची पुढची मागणी मात्र निराळ्या जातीची होती. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सर्व संदेशांना ‘एण्ड-टू-एण्ड’ एन्क्रिप्शन लागू केले होते, म्हणजे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो, व मधल्या कंपनीकडे त्याची किल्ली नसते. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या मध्यस्थविषयक नियमावलीने, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांनी न्यायालयाच्या किंवा कलम ६९ खालील आदेशावरून एखाद्या संदेशाचा ‘पहिला प्रेषक’ कोण हे ओळखण्याची सोय ठेवावी, असे बंधन घातले. हे ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरतेच आहे, कमी उपद्रवाचा मार्ग उपलब्ध असल्यास ते वापरायचे नाही आणि संदेशाचा मजकूर उघड करावा लागणार नाही, असेही नियमात म्हटले आहे.

वरवर हे संतुलित दिसते. अडचण त्याच्या अंमलबजावणीत आहे. पुढे कोणत्या संदेशाची चौकशी होईल हे आधी कळू शकत नाही, म्हणून प्रत्येक संदेशाला त्याच्या जन्मापासून प्रेषकाची खूण जोडून ठेवावी लागेल. एका गुन्हेगाराला शोधण्यासाठी कोट्यवधी निरपराधांच्या संभाषणाचा माग जपून ठेवणे, असा याचा अर्थ होतो. हा विषय मद्रास उच्च न्यायालयापुढे २०१९ मध्ये आला, तेव्हा आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी अशी खूण जोडणे शक्य असल्याचे मांडले, तर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी त्या योजनेतील उणिवा दाखवून दिल्या. शिवाय, दुसऱ्या माध्यमावरून उचललेले चित्र जो व्हॉट्सॲपवर प्रथम टाकतो तो त्याचा कर्ता असतोच असे नाही. आणि मूळ प्रेषक परदेशात असेल तर भारतातील पहिल्या व्यक्तीलाच पहिला प्रेषक मानावे, असे नियमच सांगतो. सावध करण्यासाठी एखादी अफवा पुढे पाठवणारा शिक्षक अशा रीतीने तिचा जनक ठरू शकतो.

व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि एन्क्रिप्शन मोडावे लागले तर भारत सोडावा लागेल असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले. केंद्राच्या उत्तरातील एक मुद्दा येथे विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे: व्हॉट्सॲप ही परदेशी व्यापारी कंपनी असल्याने तिला भारतीय नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या आधारे दाद मागता येत नाही, असे केंद्राने म्हटले.

घडण बदलण्याची मागणी आणि जगाचा अनुभव

साधनाची घडण बदलायला लावण्याच्या मागणीचा सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेत झाला. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे १४ जणांची हत्या करणाऱ्या हल्लेखोराच्या आयफोनचे कुलूप उघडण्यासाठी, दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती पुसून टाकणारी सुरक्षा निकामी करणारे नवे सॉफ्टवेअर ॲपलने लिहून द्यावे, असा आदेश १६ फेब्रुवारी २०१६ रोजी एका न्यायदंडाधिकाऱ्याने दिला. त्यासाठी आधार घेतला गेला तो १७८९ सालच्या एका अधिनियमाचा. ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी खुले पत्र लिहून विरोध केला. न्यूयॉर्कमधील तशाच एका प्रकरणात न्यायाधीशांनी सरकारची मागणी फेटाळली. आणि मुख्य सुनावणीच्या तोंडावर एफबीआयने दुसऱ्या मार्गाने फोन उघडून खटला मागे घेतला. सरकारकडचे इतर मार्ग आधी पुरेसे चाचपले गेले नव्हते, असे अमेरिकी न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांच्या २०१८ मधील अहवालातून पुढे आले. प्रकरण निर्णयाविना संपले तरी त्याचे लोकशाही मूल्य मोठे होते, कारण आदेश उघड न्यायालयात होता आणि जगभरच्या तज्ज्ञांना व नागरिकांना त्याची चिकित्सा करता आली.

याच्या उलट टोकाला ब्रिटनचा अनुभव आहे. तेथील २०१६ च्या कायद्यानुसार सरकार कंपनीला ‘तांत्रिक क्षमता नोटीस’ देऊ शकते, म्हणजे विशिष्ट प्रकारची माहिती पुरवता येईल अशी क्षमता आपल्या यंत्रणेत निर्माण करण्यास सांगू शकते, आणि अशी नोटीस मिळाल्याचे सांगण्यासही कंपनीला बंदी असते. २०२५ च्या आरंभी ॲपलला अशी नोटीस मिळाल्याचे वृत्त फुटले, आणि २१ फेब्रुवारीला ॲपलने आपल्या क्लाउड साठवणीतील सर्वांत भक्कम सुरक्षा ब्रिटनमधील ग्राहकांसाठी मागे घेतली. नोटिशीविरुद्धची सुनावणी संपूर्णपणे गुप्त ठेवावी ही सरकारची मागणी तेथील न्यायाधिकरणाने एप्रिलमध्ये नाकारली. आपली सुरक्षा कमी झाल्याचे ब्रिटिश नागरिकाला कळले, पण का कमी झाली हे सांगण्याची मुभा कंपनीला नव्हती.

सरकारसाठी ठेवलेली वाट सरकारपुरतीच राहते का, याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास, व्होडाफोनच्या जाळ्यात कायदेशीर संभाषण-श्रवणासाठी असलेल्या सुविधेचाच गैरवापर करून अज्ञात व्यक्तींनी पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे दूरध्वनी ऐकले. २०२४ मध्ये चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या हॅकर गटाने अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केला, तेव्हा न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या श्रवणाच्या यंत्रणाही त्याच्या हाती लागल्याचे उघड झाले. वाट बांधणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी त्या वाटेने कोण येईल हे त्याच्या हाती राहत नाही.

ब्लॉक करण्याची गुप्तता

मजकूर हटवण्याच्या क्षेत्रात आपल्याकडील निर्णायक लढाईचा आरंभ महाराष्ट्रात झाला. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदबाबत फेसबुकवर मत व्यक्त करणारी एक तरुणी आणि त्याला पसंती दर्शवणारी तिची मैत्रीण अशा दोघींना पालघर येथे अटक झाली. त्या घटनेने व्यथित झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, ज्याच्या आधारे अशा अटका होत असत ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. कलम ७९ चा अर्थही न्यायालयाने मर्यादित केला: मध्यस्थाला ‘जाणीव’ झाली असे तेव्हाच मानावे, जेव्हा न्यायालयाचा आदेश किंवा कायद्यानुसार सरकारी अधिसूचना त्याच्यापर्यंत पोहोचेल. कलम ६९-अ मात्र न्यायालयाने कायम ठेवले, कारण त्यात लेखी कारणे, समिती आणि सुनावणी असे अटकाव आहेत, आणि मजकूर लिहिणारा सापडत असेल तर त्याचेही म्हणणे ऐकले जावे असा त्या अटकावांचा अर्थ न्यायालयाने लावला.

व्यवहारात हे अटकाव विरघळत गेले. या कलमाखालच्या २००९ च्या नियमावलीतील नियम १६ ब्लॉक करण्याच्या विनंत्या व कारवाई गोपनीय ठेवण्यास सांगतो, आणि त्याचा आधार घेऊन आदेशाची प्रत खुद्द लेखकालाही नाकारली जाते. संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये या कलमाखाली ४७१ दुवे ब्लॉक झाले होते, तर २०२० मध्ये ९,८४९. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या काळात एक हजाराहून अधिक ट्विटर खाती बंद करण्यास सांगितले गेले. कंपनीने पत्रकार व कार्यकर्त्यांची काही खाती पुन्हा सुरू करताच सरकारने कारावासाच्या तरतुदीची आठवण करून दिली. त्याच वर्षी मे महिन्यात, सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याच्या एका ट्विटवर ‘फेरफार केलेला मजकूर’ अशी खूण केल्याच्या संदर्भात दिल्ली पोलिसांचे पथक ट्विटरच्या कार्यालयांत जाऊन पोहोचले. कायद्याच्या पुस्तकातील कलम आणि कार्यालयाच्या दाराशी उभे असलेले पथक हे दोन्ही एकत्र आले, की कंपनीतला कर्मचारी कोणता निर्णय घेईल हे सांगण्यासाठी विश्लेषकाची गरज राहत नाही.

ट्विटरने २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी याचिका फेटाळून कंपनीला ५० लाख रुपयांचा खर्च भरण्याचा आदेश दिला. पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ या पोर्टलवरून, कलम ६९-अ च्या समितीला बाजूला ठेवून, कलम ७९ चा आधार घेत केंद्राच्या व राज्यांच्या विविध यंत्रणा थेट कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना देऊ लागल्या, तेव्हा एक्स या नव्या नावाने वावरणाऱ्या याच कंपनीने पुन्हा आव्हान दिले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी तीही याचिका फेटाळली गेली, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ फक्त नागरिकांसाठी आहे, परदेशी कंपनीला तो उसना घेता येणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये सरकारने नियमांत सुधारणा करून अशा सूचना सहसचिव वा पोलीस उपमहानिरीक्षक आणि त्यांहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारणे नमूद करून द्याव्यात आणि दरमहा त्यांचे पुनर्विलोकन व्हावे, अशी तरतूद केली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण लेखकाला कळवण्याचे बंधन तिच्यातही आलेले नाही.

लेखकाला आदेश न कळणे आणि परदेशी कंपनीला हक्क नसणे, या दोन धाग्यांची येथे गाठ पडते. ज्याचे शब्द हटवले जातात त्या नागरिकाकडे हक्क आहे, पण त्याला नोटीस मिळत नाही. कंपनीला नोटीस मिळते, पण तिच्याकडे हक्क नाही. प्रत्येक न्यायालयीन उत्तर आपापल्या जागी कायदेशीर दृष्टीने समर्थनीय असू शकते, परंतु ती सारी एकत्र ठेवली, की अशी स्थिती उभी राहते जिच्यात अन्याय झाला तरी दाद मागण्यास पात्र असा कोणीच न्यायालयाच्या पायरीवर नसतो.

मुंबईचा धडा

नागरिक स्वतः न्यायालयात उभा राहिला की काय होते, याचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाने दिले. एप्रिल २०२३ मधील नियमदुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवणारा तथ्यपडताळणी कक्ष नेमण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, आणि अशी खूण झालेला मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थाचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येईल अशी मांडणी केली. याचिका केली ती विनोदकार कुणाल कामरा आणि संपादक, मासिके व वृत्तवाहिन्यांच्या संघटनांनी. ज्यांच्यावर हा नियम थेट लागू होणार होता त्या बड्या समाजमाध्यम कंपन्या याचिकाकर्त्यांत नव्हत्या. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. मार्चमध्ये सरकारने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अखेर २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य असल्याचे मत दिले.

कलम ६६-अ विरुद्ध विद्यार्थिनी, खासगीपणाच्या हक्कासाठी २०१७ च्या ऐतिहासिक निकालापर्यंत लढलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, आणि तथ्यपडताळणी कक्षाविरुद्ध कलावंत व संपादक: भारतातील डिजिटल स्वातंत्र्याचे हे मोठे विजय नागरिकांनी मिळवले आहेत. तंत्रज्ञान कंपन्यांना नागरिकांचे विश्वस्त मानणे त्यामुळेच चुकीचे ठरते. कंपनीला परवाने, बाजारपेठ आणि कर्मचाऱ्यांची सुरक्षितता सांभाळायची असते. तिचा विरोध तिच्या व्यवसायाला परवडेल तेथवरच टिकतो, आणि वापरकर्त्याची माहिती जाहिरातीसाठी वापरणारी कंपनी दुसऱ्या दिवशी त्याच माहितीची रक्षणकर्ती म्हणून उभी राहते, तेव्हा तिच्या शब्दावर विसंबून राहता येत नाही.

कायद्याने काय करावे

दडपण उघड झाले तर त्यातील अतिरेक आपोआप गळून पडतो, हे डिसेंबर २०२५ च्या आरंभी दिसून आले. प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसवून द्यावे, असा निर्देश दूरसंचार विभागाने फोन उत्पादकांना खासगीरीत्या दिला होता. ते वृत्त बाहेर येताच देशभर चर्चा झाली आणि काही दिवसांतच, ३ डिसेंबरला, सरकारने सक्ती मागे घेतली. हरवलेले फोन शोधणे आणि फसवणूक रोखणे हा त्या ॲपचा हेतू उपयुक्तच आहे. आक्षेप सक्तीला आणि ती गुपचूप आणण्याला होता. तोच निर्देश विचारार्थ आधी प्रसिद्ध झाला असता, तर माघार घेण्याची वेळ सरकारवरही आली नसती.

यावरून काही निष्कर्ष निघतात. साधनाची घडण सर्वांसाठी बदलायला लावणारी मागणी नियमावलीच्या किंवा नोटिशीच्या मार्गाने न येता संसदेने चर्चा करून केलेल्या कायद्याच्याच मार्गाने यावी, कारण तिचा परिणाम एका संशयितावर न होता सबंध समाजावर होतो. विशिष्ट व्यक्तीची माहिती मागणारा आदेश कार्यपालिकेबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याने आधी तपासावा, आणि तपासाला बाधा येणार नाही अशा वेळी त्या व्यक्तीला कळवावे. मजकूर ब्लॉक करणारा प्रत्येक आदेश लेखकाला द्यावा व ठरावीक मुदतीनंतर प्रसिद्ध करावा. काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले, मग एका लेखाच्या किंवा एका खात्याच्या बंदीला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्यावरील कारावासाची टांगती तलवार काढून तिच्या जागी कंपनीवरील आर्थिक दंड यावा, म्हणजे आदेशाला न्यायालयात आव्हान देणे हा माणसाच्या धैर्याचा प्रश्न राहणार नाही.

या सूचनांनी सरकार दुबळे होणार नाही. राईनपाड्याच्या गुन्ह्यासारख्या गुन्ह्याचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायिक संमतीने मिळालेला पुरावा न्यायालयात अधिक टिकतो, आणि कारणांसह प्रसिद्ध झालेला ब्लॉकचा आदेश अफवेला उत्तरही देतो. आज सरकार मागते आणि कंपनी देते किंवा नाकारते, असा हा व्यवहार दोघांत मिटतो; त्यात नागरिकाला पक्षकार म्हणून स्थान मिळेल, त्याला आदेशाची प्रत मिळेल आणि तिच्याविरुद्ध स्वतःच्या नावाने दाद मागता येईल, तेव्हाच या साधनांवरील सरकारी अधिकार संविधानाच्या मर्यादेत आला, असे म्हणता येईल.